नांवामागील वादक

गेल्या स्नेहसंमेलनांत नववीच्या मुलांनीं पुठ्ठ्याच्या मोठ्या अंड्यांतून बाहेर येऊन "अमर अकबर अँथनी" ह्या १९७७ सालच्या चित्रपटांतील तें गाणें सादर केलें, ज्यांत नायक आपलें नांव अँथनी गोन्साल्विस असें सांगतो. टाळ्या पुष्कळ पडल्या. दुसऱ्या दिवशीं वर्गांत एका मुलानें विचारिलें, "सर, असा कोणी मनुष्य खरोखर होता काय?" वर्ग हंसला. परंतु प्रश्न हंसण्याचा नव्हता.

असा मनुष्य होता. गोव्यांतील माजोर्डा ह्या गांवीं १९२७ सालीं त्याचा जन्म झाला. वडील गांवच्या चर्चमध्यें गायकवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज अमलांत गोव्यांतील चर्चला जोडलेल्या पाठशाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर पाश्चात्य स्वरलेखनहि शिकवीत व हातांत फिडल देत. म्हणूनच कागदावरील स्वर पाहतांक्षणीं वाजवूं शकणारे वादक जेव्हां मुंबईस हवे झाले, तेव्हां ते बहुतेक गोव्याहून आले.

मुंबईस त्या काळीं एक तिसरेंच संगीत येऊन पोहोंचलें होतें. त्याचें नांव जाझ. अमेरिकेंतील आफ्रिकी वंशाच्या लोकांनीं तें निर्माण केलें. त्यांत वादक ठरलेली सुरावट घेऊन ऐन वेळीं स्वतःच्या कल्पनेनें तिचा विस्तार करतो. आपल्या गवयाच्या आलापतानांशीं त्याचें नातें लांबचें कां होईना, आहे. १९३० नंतरच्या दशकांत टेडी वेदरफर्ड नांवाचा अमेरिकन पियानोवादक ताजमहाल हॉटेलांत आपला वाद्यवृंद चालवी, आणि फ्रँक फर्नांड ह्यांच्यासारखे गोमंतकीय वादक त्यांत तयार झाले. पुढें हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जाऊं लागले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र ह्यांच्या १९५१ च्या "अलबेला" चित्रपटांतील गाण्यांत जो झणका आहे, त्यामागें आल्दोण्याच्या आंतोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट ह्यांचा हात होता, हें किती थोड्यांस ठाऊक आहे!

ह्याच मुंबईंत १९४३ सालीं सोळा वर्षांचा अँथनी आला व नौशाद ह्यांच्याकडे व्हायोलिन वाजवूं लागला. लौकरच तो वाद्यरचनाकार झाला. हें काम काय असतें तें सांगतों. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल गाऊन दाखवितो. व्हायोलिनांनीं काय वाजवावें, बांसरीनें कोठें थांबावें, हें प्रत्येक वादकासाठीं निराळ्या कागदावर लिहून देणारा मनुष्य वेगळाच असतो. गाणें लोकांच्या तोंडीं बसतें, परंतु लिहिणाऱ्याचें नांव पडद्यावर पुष्कळदा येतच नसे. मला ही गोष्ट अजूनहि बोंचते.

पैसा मिळत होता, पण अँथनीचें मन दुसरीकडे होतें. त्यास हिंदुस्थानी रागांची ओढ लागली, आणि हे राग पाश्चात्य महावाद्यवृंदाकडून वाजवून घ्यावे असें त्यानें मनांत घेतलें. ह्यांतली अडचण पेटी वाजविणाऱ्या मुलांस तत्काळ कळेल. आपला राग एका वेळीं एकच स्वर घेऊन चालतो. पाश्चात्य संगीतांत निरनिराळे स्वर एकदम वाजतात व त्यांच्या संघाचा आधार घेऊन गाणें उभें राहतें. पहिल्या धड्यांत तीन स्वरसंघ शिकवितात : सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे. आतां वृंदावनी सारंग घ्या. त्यांत ग आणि ध वर्ज्य. म्हणजे तिहींपैकीं दोन स्वरसंघ दाराबाहेरच राहिले! उरला प-नि-रे, तर अवरोहांत नि कोमल होतो आणि त्याचाहि रंग पालटतो. नियम मोडावा तर राग जातो, पाळावा तर वाद्यवृंद मुका होतो. अँथनीनें जी रचना केली, तिचें नांवच मुळीं सारंग रागांतील कन्सर्टो असें आहे. सोपा राग शोधण्याच्या भानगडींत तो पडला नाहीं.

१९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणांत त्यानें स्वतः जमविलेल्या भारतीय वाद्यवृंदाचा जलसा झाला. शंभरांहून अधिक वादक, शिवाय गायकवृंद. आणि गाण्यास लता मंगेशकर व मन्ना डे. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकन जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक हिंदुस्थानांत दौऱ्यावर आला होता. फ्रेंच रचनाकार मिलो ह्यांच्याजवळ शिकलेला हा गृहस्थ जाझ आणि अभिजात संगीत एकत्र आणीत होता. पुढच्याच वर्षीं त्यानें नऊ मात्रांची दोन-दोन-दोन-तीन अशी तुर्की धर्तीची विभागणी घेऊन केलेली रचना जगभर गाजली. ब्रूबेकच्या मागें मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्या होत्या. अँथनीच्या मागें त्याचे मित्रच होते. त्याचा वाद्यवृंद फार काळ टिकला नाहीं.

१९६५ च्या सुमारास तो अमेरिकेंत सिराक्यूज विद्यापीठांत गेला. परत आल्यावर चित्रपटांत न शिरतां माजोर्ड्यास राहिला. १९७७ चें तें गाणें म्हणजे त्याचा व्हायोलिनचा शिष्य प्यारेलाल ह्यानें गुरूला केलेलें वंदन होय. देशभर मुलांनीं तें नांव उच्चारलें. नांवाचा धनी गांवीं शांतपणें राहत होता. १८ जानेवारी २०१२ रोजीं तो वारला.

प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे वडील मला मागाहून भेटले. मुलाची पेटी बंद करावी काय, ह्यांत पोट भरेल काय, असें त्यांनीं विचारलें. मीं त्यांना वर लिहिलेलेंच सर्व सांगितलें : पोट चित्रपटांनीं भरलें, सारंगानें नाहीं. ते विचारांत पडले, आणि पेटी अद्याप बंद झालेली नाहीं. परवां मधल्या सुटींत तो मुलगा शाळेच्या पेटीवर बसला होता. सा-ग-प मधला ग काढून त्यानें त्या जागीं रे दाबून पाहिला. कानाला विचित्र लागला. त्यानें पुन्हां दाबला.