पाचशे जीबीचा संसार दोनशे चाळीसमध्ये

जुना लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कमुळे. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप पळायला लागतो. पण घरात डिस्क 500 जीबीची आणि खिशाला परवडणारी एसएसडी 240 जीबीची, तेव्हा विंडोज हलवायचं कसं? हलतं. डिस्क केवढी आहे यापेक्षा तिच्यात भरलंय किती, हे महत्त्वाचं. निम्मं काम कॉपी सुरू करण्याआधीचंच आहे.

आधी खरेदी. जुनी डिस्क अडीच इंची साटा असेल, तर त्याच जातीची एसएसडी घ्या आणि सोबत यूएसबी-साटा केबल. 240 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये 223 जीबीच दिसते. दुकानदाराशी भांडू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे. म्हणून सी ड्राइव्हवरचा ऐवज दीडशे जीबीच्या आत आणा. फोटो, सिनेमे, लग्नाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर काढा. महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत करून ठेवा. डी ड्राइव्ह असेल तर तोही रिकामा करा.

मग डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं साधन ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ म्हणत असेल, तर क्लोन करण्याच्या, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत उतरवण्याच्या, नादी लागू नका. फायली वाचवा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने टाका. डिस्क धड असेल, तर सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते बघा. असल्यास रिकव्हरी की कागदावर उतरवा, एन्क्रिप्शन बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा.

आता सी लहान करायचा, आणि लोक अडतात ते इथेच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ म्हटलं की तीनशे जीबी मोकळे असूनही विंडोज वीस-तीसच सोडायला तयार होतं. कारण काही फायली जागच्या हलत नाहीत आणि त्यातली एखादी नेमकी डिस्कच्या मधोमध ठाण मांडून बसलेली असते. संशयित तीन. हायबरनेशनची फाइल: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून ‘स्लॅश एच’, पुन्हा जागा सोडून ‘ऑफ’ लिहा. दुसरी पेजफाइल: ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती ‘नो पेजिंग फाइल’वर ठेवा. तिसरे सिस्टिम रिस्टोरचे बिंदू: सिस्टिम प्रोटेक्शन बंद करून पुसा. लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि पुन्हा श्रिंक करा. सी दोनशे जीबीपर्यंत आला की पुरे.

यूएसबीने एसएसडी जोडा. क्लोन करणारं सॉफ्टवेअर अनेक कंपन्या एसएसडीसोबत फुकट देतात. क्लोनझिला नावाजलेलं आहे, पण नेहमीच्या पद्धतीत त्याला लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठीच लागते, त्यामुळे इथे नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सॉफ्टवेअर कुठलंही असो, फक्त सी नाही तर त्याच्या आधीचं छोटं ईएफआय आणि शेवटचं रिकव्हरी पार्टिशनही निवडा. उगम आणि लक्ष्य दोनदा वाचा. उलटं झालं तर कोरी एसएसडी भरलेल्या डिस्कवर उतरते. चार्जर लावून ठेवा.

झालं की लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा, नाहीतर आत तिचा कनेक्टर सोडवा. जुन्या डिस्कची चौकट एसएसडीला लावा. जुनी डिस्क 9.5 मिमी जाडीची असेल, तर 7 मिमीची एसएसडी आत हलेल. काही एसएसडींसोबत येणारी प्लास्टिकची पट्टी त्यासाठीच असते. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क कुठेही जोडलेली नको. विंडोज आलं नाही तर बायोसमध्ये बूटचा क्रम बघा.

आलं, की पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ लिहिलंय ना, तेवढं पाहा. जुनी डिस्क महिनाभर हात न लावता ठेवा. या काळात टॅली, प्रिंटर, बँकेची डिजिटल सही हे सगळं एकदा चालवून बघा, मगच ती फॉरमॅट करा.