चित्रफितीचे संकलन : घरचे आणि व्यावसायिक

विज्ञान प्रदर्शनासाठी तुम्ही मूग कसा रुजतो याचे मोबाइलवर चित्रण केले आहे, असे समजा. चित्रण भरले वीस मिनिटांचे आणि दाखवायला मिळणार तीनच मिनिटे. तेव्हा नको तो भाग गाळून हवा तो क्रमाने जोडला पाहिजे. यालाच संकलन म्हणतात. पूर्वी संकलक फिल्म प्रत्यक्ष कापून चिकटवीत असे. आता हे काम संगणकावरील सॉफ्टवेअरने होते. त्यांपैकी काही फुकट मिळतात, तर काहींना बरेच पैसे मोजावे लागतात. मग त्यांत फरक तरी कोणता?

आधी साम्य पाहू. तुम्ही पडद्यावर चित्रण कापता तेव्हा मूळ फाइल कापली जात नाही. ‘अमुक फाइल, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत’ अशी एक यादी तयार होते. शेवटी त्या यादीबरहुकूम नवी फाइल बनते. घरगुती असो वा व्यावसायिक, बहुतेक सॉफ्टवेअरचे मूळ तत्त्व हेच आहे.

फरक पडतो तो माहितीच्या ओझ्यामुळे. एक हिशेब करा. चित्राची एक चौकट १९२० × १०८० ठिपक्यांची, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. दर ठिपक्याला लाल, हिरवा व निळा यांचे मिळून ३ बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर सेकंदाला सुमारे साडेपंधरा कोटी बाइट होतात! ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एक मिनिटही मावणार नाही. म्हणून मोबाइल युक्ती करतो. तो अधूनमधून एक चौकट पूर्ण साठवतो आणि मधल्या चौकटींसाठी काय बदलले तेवढेच नोंदवतो. यामुळे जागा वाचते. पण मधलीच चौकट हवी असेल, तर संगणकाला मागच्या पूर्ण चौकटीपासून आकडेमोड करावी लागते. जुना संगणक नेमका येथेच अडखळतो. व्यावसायिक संकलक म्हणूनच चित्रण पुष्कळदा अशा प्रकारात बदलून घेतात, की प्रत्येक चौकट स्वतंत्र राहते. फाइल मोठी होते, पण काम सुलभ होते.

दुसरा फरक छटांचा. ८ बिटांत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मावतात, १० बिटांत १०२४. अंधुक चित्रणात २५६ पैकी ३२ छटाच वापरल्या गेल्या असतील आणि तुम्ही ते आठपट उजळले, तर त्या ३२ छटा दूर दूर पांगतात व आकाशात पट्टे दिसू लागतात. १० बिटांच्या चित्रणात तेथे १२८ छटा असत्या. व्यावसायिक सॉफ्टवेअर अशा छटा जपते. परंतु कॅमेऱ्याने न टिपलेल्या छटा कितीही महाग सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

मग शाळेने काय निवडावे? किंमत हा खरा निकष नव्हे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत आणि त्यांत चित्राचे व आवाजाचे अनेक थर जोडता येतात. दा विंची रिझॉल्व्ह चित्रपट-व्यवसायातले. त्याचीही मोफत आवृत्ती आहे, पण तिला दणकट संगणक लागतो. तेव्हा आधी आपला संगणक पाहा, मग काम आणि शेवटी किंमत.

‘पॅरासाइट’ हा २०१९ सालचा कोरियन चित्रपट ‘फायनल कट प्रो ७’वर संकलित झाला. या आवृत्तीची विक्री २०११ मध्येच थांबली होती. तरीही २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. मुगाचा अंकुर नेमका कोणत्या क्षणी दाखवायचा, हे सॉफ्टवेअर ठरवीत नाही. ते तुम्हीच ठरवायचे असते.

करून पाहा : संध्याकाळच्या आकाशाचे अंधुक चित्रण घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ते हळूहळू उजळवत न्या. पट्टे केव्हा दिसू लागतात ते टिपून ठेवा आणि वर्गात त्याचे कारण सांगा.