जुनी पिकअप आणि ओढ्याचे पाणी

प्रश्न : जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला मोठे टायर बसवावेत का? ओढा ओलांडल्यावर काय तपासावे?

उत्तर : मोठ्या टायरमुळे गाडीची उंची वाढली, तरी चढावर ओढ कमी पडते, ब्रेकवर ताण येतो आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नसल्याने आधी सस्पेन्शनचे झिजलेले पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) व बुश बदलणे श्रेयस्कर ठरते. तापलेला डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी चक्रांची पेटी, ओढ्याच्या थंड पाण्यात बुडताच आतील हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या वाटेतून, पाणी आत ओढले जाते. म्हणून ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यावी आणि ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियलचे तेल तपासून ते दुधाळ दिसल्यास, म्हणजे त्यात पाणी मिसळले असल्यास, तत्काळ बदलावे.