घरी शिकव, पण दाखला सांभाळ

परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, पुढच्या साली पोरीला शाळेत धाडतच नाही, घरीच शिकवते." मी गप्प बसले. लाखनीच्या बाजारात, भाजीची पिशवी हातात धरून बोलायची ती गोष्ट नव्हती. आता बोलते.

पहिलं सांगते, परवानगी काढायला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे धावू नको. शिक्षणहक्क कायद्यात तशी परवानगी द्यायची सोयच नाही. हा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या लेकराला जवळच्या शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य, असं त्याचं कलम १० सांगतं. नाही घातलं तर आईबापाला दंड किती, हे मात्र त्यात कुठेच नाही. म्हणून लोक म्हणतात, "काही होत नाही." होतं गं. पोलीस येत नाहीत, पण सर्वेक्षणाला गुरुजी येतात आणि पोरीचं नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत जातं. तेव्हा त्यांच्याशी भांडू नको, शांतपणे वह्या दाखव.

दुसरं, कागद. शाळा सोडल्याचा दाखला हातात आल्याशिवाय नाव काढू नको. त्यावरची जन्मतारीख आणि नावाचं अक्षर न् अक्षर तपासून घे. उद्या जात पडताळणीला शाळेच्याच नोंदी मागतील, तेव्हा एक वेलांटी चुकली तरी भंडाऱ्याच्या चकरा तुलाच माराव्या लागतील.

परीक्षेचंही आत्ताच ठरव. पाचवी-आठवीच्या पातळीसाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. दहावीला आपल्या नागपूर विभागीय मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. तिथे दहावीला वय १४ पूर्ण लागतं. आणि मधेच जमेनासं झालं तर लाजू नको. कलम ४ प्रमाणे पोरीला तिच्या वयाच्या वर्गात परत घेतात, मागे पडली असेल तर वेगळं शिकवायची सोयही करावी लागते.

आता मोठी बहीण म्हणून एक बोलते, राग मानू नको. मला कायद्यापेक्षा रोवणीची भीती वाटते. जुलैत घरात रिकामी दिसणारी पोर आधी चुलीजवळ जाते, मग धाकट्याला सांभाळते, मग बांधीत उतरते. कोणी मुद्दाम करत नाही, होऊन जातं. मुलगा घरी शिकला तर "अभ्यास करतोय" म्हणतात, मुलीला "घरीच आहे ना" म्हणतात.

म्हणून सकाळचे तीन तास तिचे, असं सासूबाईंसमोर आजच ठरवून घे. ते तीन तास रोवणीतही राखता येत असतील, तरच शाळेत दाखला मागायला जा. नसतील, तर गावातली जिल्हा परिषदेची शाळाच बरी.