नाटककाराच्या नावाची संस्था: काय करावे, काय टाळावे

अण्णासाहेब किर्लोस्कर २ नोव्हेंबर १८८५ रोजी गेले, तेव्हा ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर येऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती आणि ‘रामराज्यवियोग’ अपुरेच होते. लेखक, दिग्दर्शक आणि चालक एकच माणूस, तोच गेला. तरी त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी मोडली नाही. भाऊराव कोल्हटकर, मोरोबा वाघोलीकर यांच्यासारख्या नटांनी ती पुढे नेली आणि अण्णासाहेबांच्या ‘सौभद्र’चे प्रयोग चालू राहिले. आज एखादा नाटककार गेला की त्याच्या नावाने प्रतिष्ठान निघते, स्मृतिदिन होतो, स्मरणिका छापली जाते, पुरस्कार दिला जातो. नाटक मात्र कपाटात. तसे होऊ नये म्हणून ही यादी.

काय करावे

प्रयोग करावा. वर्षाला एक तरी, तोही तिकीट लावून. आधी तालमीच्या जागेचे, नेपथ्याचे आणि नटांच्या नाइटचे पैसे बाजूला काढावेत. उरले तर पुरस्कार.

प्रयोगाच्या वह्या गोळा कराव्यात. छापील पुस्तक म्हणजे रंगावृत्ती नव्हे. खरे नाटक प्रॉम्प्टरच्या वहीत सापडते: पेन्सिलने काट मारलेली वाक्ये, समासात ‘इथे हशा, थांबणे’, पान उलटायच्या आधी तिसऱ्या घंटेची खूण. दिवाळीच्या साफसफाईत या वह्या रद्दीत जातात, म्हणून घरोघरी जाऊन त्या मागून आणाव्यात आणि स्कॅन करून ठेवाव्यात. सेन्सॉरने सुचवलेले बदल स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावेत, कारण त्यांनाही इतिहास असतो. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला खुपला, तो निळा झाला, आणि निळा डाग लाल समजावा अशी सूचना प्रेक्षकांना देऊन प्रयोग झाले. पुस्तक वाचून हे कोणाला कळणार?

जे वहीतही नाही ते बोलते करून घ्यावे. तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत संहितेत आहे, पण ती रांग कशी डोलते, कुठल्या मात्रेवर वळते, हे कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेत आणि भास्कर चंदावरकरांच्या संगीतात होते. ज्यांनी ती रांग अंगाने केली, त्यांना उभे करून चित्रीकरण करावे. खुर्चीत बसवून आठवणी विचारल्या की किस्से मिळतात, हालचाल मिळत नाही.

हक्कांचे कागद पहिल्याच महिन्यात करावेत. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे कॉपीराइट वारसांकडे असतो. तेंडुलकर २००८ साली गेले, म्हणजे २०६८ अखेरपर्यंत. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी हवे, तोंडी ‘करा हो, तुमचेच आहे’ चालत नाही. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाला प्रयोग हवा असला की पुन्हा धावाधाव. नाट्यप्रयोग, भाषांतर, चित्रपट यांच्या नोंदी वेगवेगळ्या कराव्यात. संगीतकाराचे हक्क निराळे असतात, हे विसरू नये.

नव्या लेखकाला जागा द्यावी. माझ्या मते किर्लोस्कर मंडळी टिकली ती याच कारणाने. अण्णासाहेबांच्या नाटकांच्या जोडीला तिने देवलांचे ‘शारदा’, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’, खाडिलकरांचे ‘मानापमान’ केले. ‘मानापमान’ला गर्दी जमली म्हणून अण्णासाहेबांचे नाव मागे पडले नाही. संस्था चालती राहिली, म्हणून त्यांची नाटकेही होत राहिली.

जाहिरातीत सगळ्यांची नावे छापावीत. ‘एकच प्याला’ गडकऱ्यांचे, पण पदे वि. सी. गुर्जरांची.

हौशी संघांना परवानगी लवकर आणि माफक मानधनात द्यावी. स्पर्धेची तारीख उत्तराची वाट पाहत थांबत नाही.

काय टाळावे

पहिल्या प्रयोगाची हुबेहूब नक्कल. जर्मन नाटककार ब्रेख्त १९५६ साली गेला, त्यानंतर १९७१पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्याची पत्नी हेलेन वायगेलने बर्लिनर आँसाम्बल ही त्यांची नाट्यसंस्था सांभाळली. त्याच्या प्रयोगांची छायाचित्रांसह तयार केलेली ‘मॉडेल’ पुस्तके संस्थेकडे होती. नोंद म्हणून ती अमोल. पण नोंद हाच नियम झाला की नट फोटोतल्या जागेवर जाऊन उभा राहतो. मराठीत ब्रेख्त रुजला तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’सारख्या रूपांतरांतून, मूळ बर्लिनच्या सावलीत नव्हे.

ऊठसूट कोर्ट. २०१५ साली म्युनिकमध्ये दिग्दर्शक फ्रांक कास्टोर्फने ब्रेख्तच्या ‘बाल’ नाटकात परके उतारे घातले म्हणून ब्रेख्तचा प्रकाशक न्यायालयात गेला आणि तडजोडीत दोनच प्रयोग उरले. कायद्याने बाजू बरोबर असेलही, पण त्यातून ब्रेख्तचा एकही नवा प्रेक्षक वाढला नसावा. संवाद बदलायचे असतील तर तालमीच्या आधी बोलणे व्हावे, एवढे करारात लिहिले की पुरते.

सोयीची नाटके. प्रायोजक मिळतो म्हणून फक्त हलकीफुलकी नाटके करायची आणि तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’सारख्या नाटकाला हात लावायचा नाही, हा लेखकावर अन्याय. दिग्दर्शक कमलाकर सारंग त्या नाटकासाठी उच्च न्यायालयापर्यंत गेले होते.

वारस आणि कलानिवड एकाच खुर्चीत. परवानगी घरच्यांनी द्यावी. कोणते नाटक, कोण दिग्दर्शक, हे नाटकवाल्यांनी ठरवावे. भाऊबंदकीचा विषय कार्यकारिणीच्या बैठकीत आला की तालीम पहिली रद्द होते.

लेखकाचे नुसते गुणगान. नाटककाराची पडलेली नाटकेही यादीत ठेवावीत, शक्य तर वाचावीत.

फुटीची भीती. चार तरुण वेगळे झाले की वारसा गेला, अशी हाकाटी करू नये. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस, गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि ‘सौभद्र’ तिकडेही होऊ लागले. थिएटर अकादमी तर फुटीतूनच जन्मली: जुन्या संस्थेने ‘घाशीराम’ थांबवले, कलावंत बाहेर पडले, १९७३ साली नवी संस्था काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. बाहेर पडणाऱ्यांना संहितेची प्रत द्यावी, जमल्यास ड्रेपरीही भाड्याने.

घटनेत ‘विसर्जन’ हे कलम मोघम ठेवणे. कुलूप लागले तर वह्या, ध्वनिफिती, पोशाख आणि हक्कांचे कागद कोणत्या ग्रंथालयाकडे जातील, हे पहिल्याच सभेत ठरवून नाव लिहावे आणि त्या ग्रंथालयाची लेखी संमतीही तेव्हाच घ्यावी.