अपघात झाला तर भरपाई कुणाकडून, आणि अंगावर कुणाच्या?



आज फवारणीचा मेसेज नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्यात, कापूस-सोयाबीनच्या ट्रॉल्या रात्री-अपरात्री रस्त्यावर आहेत. म्हणून हे वाचा आणि घरात वाचून दाखवा.

*आधी दवाखाना.* 108 ला फोन लावा. जखमीला उचलून नेणाऱ्या माणसावर कायद्याने कारवाई होत नाही, त्याला नाव सांगायची सक्तीही नाही. 2025 पासून केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयात पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत उपचार बिनपैशाचे आहेत. पैसे भरण्याआधी तेवढं विचारा. केसपेपरवर नुसतं 'पडून मार लागला' असं लिहू देऊ नका. कोणत्या गाडीने, कुठं धडक दिली ते आलं पाहिजे. पुढं भरपाईची केस याच एका ओळीवर अडते.

*मिटवायची घाई नको.* चार माणसं बसतात, बाँडवर लाख-दोन लाख लिहितात आणि फिर्याद राहून जाते. आता हिशेब बघा. 38 वर्षांचा कमावता माणूस गेला. वर्षाची कमाई 1 लाख 20 हजार, मागं बायको, दोन लेकरं, आई. न्यायाधिकरण कमाईत पुढच्या वाढीचे 40 टक्के धरतं, म्हणजे 1 लाख 68 हजार. त्यातला त्याचा स्वतःचा चौथा हिस्सा वजा, राहिले 1 लाख 26 हजार. या वयाला गुणक 15. झाले *18 लाख 90 हजार*. समोरच्याची चूक आणि कमाई शाबीत झाली तर सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेली रीत ही अशी आहे. म्हणून उचलीची चिठ्ठी, कारखान्याच्या पावत्या, आपल्या केंद्रावरच्या माल विक्रीच्या पावत्या फेकू नका. कमाईचा पुरावा तोच.

चूक कुणाची हे शाबीत करायचं नसेल, तर मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरलेली रक्कम मागता येते. गाडी पळून गेली, नंबरच नाही, तर अनुक्रमे 2 लाख आणि 50 हजार. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

अपघात कोल्हापूर-सांगलीकडं झाला तरी केस तिकडंच लढायला पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणात, म्हणजे इथं आपल्या बीड जिल्ह्यातही दावा चालतो. कायद्यात मुदत *6 महिन्यांची* लिहिली आहे. 'दहावं-तेरावं होऊ द्या, हंगाम उरकू द्या' करत ती निघून जाते. बायाबापड्यांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळतो, कमाई किती का असेना.

*आता ट्रॅक्टरवाल्यांनी ऐका.* विमा संपलेला असेल तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. नाही भरली तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे गोष्ट सातबाऱ्यापर्यंत येते. ड्रायव्हरकडं लायसन नसेल तर बऱ्याचदा विमा कंपनी आधी जखमीला देते आणि मग मालकाकडून वसूल करते. ट्रॉलीत बसवलेल्या माणसांचं तर बहुतेक पॉलिसींत संरक्षणच नसतं. टोळी ट्रॉलीत घालून नेणं ही सवय झाली आहे, पण त्यातला सगळा धोका मालकाच्या डोक्यावर आहे.

ट्रॅक्टर विकला, टीटी फॉर्मवर सह्या केल्या, पण आरटीओत नाव बदललं नाही? कागदावर नाव तुमचं, म्हणजे जबाबदारीही तुमचीच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे.

*एक वेगळा अर्ज.* आपल्या जिल्ह्याचे गोपीनाथ मुंडे साहेब 3 जून 2014 ला दिल्लीत रस्ता अपघातातच गेले. त्यांच्या नावाच्या शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 10 ते 75 वयाचा खातेदार आणि घरातला आणखी एक जण बसतो. मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख. हे पैसे कोर्टातल्या दाव्यापेक्षा वेगळे आहेत. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, *30 दिवसांच्या आत*. सातबारा, एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम किंवा अपंगत्वाचा दाखला सोबत ठेवा. झेरॉक्स लागल्या तर केंद्रावर काढून मिळतील.