‘उचल्या’तील बालपण आणि पोलिसी मार

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाविषयी लिहिताना भूक, दारिद्र्य आणि शिक्षणाची धडपड यांवर भर दिला जातो. पोलिसी माराचे प्रसंग मात्र ‘दाहक वास्तव’ या सर्वसाधारण शब्दप्रयोगात सामावून घेतले जातात. हा मार उचल्यांच्या बालपणाची घडणच कशी ठरवितो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या बालपणामागे कायद्याचा इतिहास आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांविषयीचा स्वतंत्र कायदा झाला. बालगुन्हेगार प्रौढ गुन्हेगाराहून वेगळा मानावा, त्याला संरक्षण व सुधारणेची संधी मिळावी, हे त्याचे तत्त्व होते. त्याच वर्षीच्या गुन्हेगार जमाती कायद्याने मात्र या जमातींतील ६ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याचा अधिकार शासनास दिला. त्यासाठी मुलाने गुन्हा केलेला असणे आवश्यक नव्हते. त्याचा जन्म पुरेसा होता. एकाच वर्षी एका मुलाचे बालपण कायद्याने मान्य केले आणि दुसऱ्याचे नाकारले.

वाटूर-जालन्यापासून गायकवाडांच्या धनेगावापर्यंतचा (जि. लातूर) मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथेही जन्मावरून गुन्हेगार ठरविणारा कायदा होताच. १९५२ मध्ये असे कायदे रद्द झाले. तथापि ‘उचल्या’तील बालपण त्यानंतरचे असूनही पोलिसांची नजर जुनीच आहे. झडती आणि मारहाण हा या घराचा जणू दिनक्रम आहे.

या दृष्टीने मुलांना चोरीचे शिक्षण देण्याचा भाग विशेष महत्त्वाचा ठरतो. शिकविणारी वडीलधारी माणसेच मुलांना मारतात. कारण उद्या पोलिसांनी मारले तरी तोंडातून नाव निघू नये. पोलीस दारात नसतानाही त्यांचा मार घरात असतो, तो मायेच्या माणसांच्या हातून. मार सोसणे हीच या मुलांची मुळाक्षरे होत. वडिलांनी लक्ष्मणला शाळेत घातले, ही घटना म्हणूनच केवळ साक्षरतेची राहत नाही. एका शिक्षणाविरुद्ध दुसरे शिक्षण उभे राहते, आणि जमातीचा त्याला होणारा विरोधही या भयातून समजून घ्यावा लागतो.

मुलावर अकाली प्रौढत्व लादण्याची ही रीत केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात २०१४ मध्ये खेळण्यातले पिस्तूल बाळगणाऱ्या १२ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने गोळी घातली. त्याचे वय सुमारे २० असल्याचे पोलिसांनी बिनतारी संदेशात कळविले होते. तेथे वर्ण आणि येथे जमात, हा भेद मोठा आहे. परंतु दोन्हीकडे पाहणाऱ्याला मूल दिसण्याआधी गुन्हेगार दिसतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही बालकास पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. विमुक्त जमातींच्या व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्येही बजावावे लागले. कायद्याने ‘बालक’ या शब्दाची व्याख्या केली. ती व्याख्या कोणापर्यंत पोहोचली नाही, याची नोंद ‘उचल्या’ने केली आहे. या आत्मकथनाचे वाङ्मयीन मोल ठरविताना ही नोंद वगळता येणार नाही.